घरातील विजेचे दोष : ओळख, उपाय आणि मर्यादा

प्रतिनिधी

पावसाळ्याच्या पहिल्या दोन-चार जोरदार सरी कोसळल्या की शहरांतील वायरमन मंडळींना उसंत मिळत नाही. कुठे स्वयंपाकघरातील प्लग पॉइंट बंद पडलेला असतो, कुठे न्हाणीघराबाहेरचे बटण दाबताच बोटांना झिणझिण्या येतात, तर कुठे मेन बोर्डावरील एमसीबी वर केला की तत्क्षणी खाली पडतो. हे दोष वरकरणी किरकोळ वाटतात आणि बहुतेक घरांत ते चालवूनही घेतले जातात. बटण जरा दाबून धरले की दिवा लागतो, प्लग थोडा तिरका केला की मिक्सर फिरतो. मग दुरुस्तीची घाई कोणाला असणार? परंतु शॉर्टसर्किट म्हणून नोंद होणाऱ्या अनेक आगींचे मूळ अशाच चालवून घेतलेल्या दोषांत असते. दोष नेमका कुठे आहे हे ओळखण्याची रीत घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी. त्यातील कोणती दुरुस्ती घरच्या घरी करण्याजोगी आहे आणि कुठे हात आवरता घ्यावा, याचीही जाण तितकीच हवी.

विजेचा मार्ग

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आणि ५० हर्ट्झ वारंवारितेचा असतो. खांबावरून किंवा भूमिगत केबलमधून आलेली वीज इमारतीच्या कटआउटमधून मीटरकडे जाते. तेथून ती घरातील मेन स्विच आणि वितरण पेटीत म्हणजे डीबीत पोहोचते. डीबीत प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र एमसीबी असतो. जुन्या घरांत त्याच्या जागी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आढळतात. एमसीबीतून निघालेली वायर खोलीतील बोर्डाकडे जाते आणि बोर्डातील एका बटणाकडून दुसऱ्याकडे छोट्या तुकड्यांनी पुढे नेली जाते. यालाच वायरमनच्या भाषेत लूपिंग म्हणतात. बोर्डावरील एकच बटण बंद पडले की सगळी बटणे बंद पडली, या प्रश्नाच्या उत्तरातच निम्मे निदान होऊन जाते, ते या लूपिंगमुळे.

प्रत्येक पॉइंटला तीन वायर अपेक्षित असतात. फेजमधून वीज येते, न्यूट्रलमधून ती परत जाते आणि अर्थिंगची वायर केवळ संरक्षणासाठी असते. आपल्याकडील रूढ पद्धतीनुसार फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. थ्री फेज जोडणीत लाल, पिवळा व निळा हे तीन फेजचे रंग मानले जातात. तीन पिनांच्या सॉकेटकडे समोरून पाहिले असता वरचे मोठे छिद्र अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असावयास हवे. तथापि जुन्या घरांत हाताला लागेल त्या रंगाची वायर ओढलेली असण्याची शक्यता मोठी असल्याने केवळ रंगावर विश्वास ठेवणे धोक्याचे ठरते.

मीटरपर्यंतच्या यंत्रणेची जबाबदारी वीज वितरण कंपनीची, तर मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते. त्यामुळे वीज गेल्यावर प्रथम शेजारी आणि जिन्यातील दिवे पाहावेत. सर्वत्र अंधार असेल तर दोष घरातला नव्हे. अशा वेळी कंपनीच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

हात लावण्यापूर्वी

कोणताही बोर्ड उघडण्यापूर्वी केवळ त्यावरील बटण बंद करणे पुरेसे नाही. त्या विभागाचा एमसीबी आणि शक्यतो मेन स्विच बंद करावा. घरातील कोणी तो अनवधानाने सुरू करू नये यासाठी डीबीवर चिठ्ठी लावावी किंवा तेथे एखाद्या जाणत्या माणसाला उभे करावे.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत आणखी एक सापळा असतो. मेन स्विच बंद केल्यावर इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली. तो लगेच बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो. परिणामी मेन बंद असूनही दिवे-पंख्यांच्या बोर्डात २३० व्होल्टच्या आसपासचा दाब कायम राहतो. म्हणून मेनबरोबरच इन्व्हर्टरही बंद करून त्याची बोर्डाकडे जाणारी जोडणी सोडवावी आणि त्यानंतर टेस्टरने पुन्हा खात्री करावी. हात, पाय आणि जमीन कोरडी असावी, पायांत रबरी चप्पल असावी आणि लोखंडी शिडीऐवजी लाकडी स्टूल वापरावे, ही पथ्ये जुनी असली तरी आजही तितकीच आवश्यक आहेत.

टेस्टरची साक्ष

निऑन दिव्याचा टेस्टर जवळजवळ प्रत्येक घरात असतो, पण त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी हे फार थोड्यांना ठाऊक असते. टेस्टरच्या आतील मोठ्या रोधामुळे आणि वापरणाऱ्याच्या शरीरातून अत्यल्प प्रवाह वाहतो व त्यावर निऑन पेटतो. त्यामुळे शेजारून जाणाऱ्या वायरच्या प्रभावाने बंद वायरवरही तो मंद उजळू शकतो, आणि भर उजेडात किंवा जाड तळाच्या चपलेमुळे जिवंत वायरवरही तो दिसेनासा होऊ शकतो. म्हणून वापरण्यापूर्वी आणि वापरल्यानंतर, असा दोनदा तो चालू असलेल्या पॉइंटवर लावून पाहावा. अन्यथा टेस्टरच बिघडलेला असल्यास जिवंत वायर मृत समजली जाण्याची भीती असते.

टेस्टरने केवळ फेजची उपस्थिती कळते. न्यूट्रल शाबूत आहे की नाही हे तो थेट सांगू शकत नाही. त्यासाठी वायरमन टेस्ट लॅम्प वापरतात. होल्डरमध्ये बल्ब बसवून त्याला दोन वायर जोडल्या की हे साधन तयार होते. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो पूर्ण प्रकाशाने लागला तर दोन्ही मार्ग सुस्थितीत आहेत असे समजावे. मल्टिमीटर जवळ असल्यास हेच काम अधिक नेमकेपणाने होते. मात्र ही तपासणी चालू विजेवर करावयाची असल्याने ती सराव असलेल्या व्यक्तीनेच करावी.

प्लग पॉइंट बंद पडल्यास

सर्वप्रथम उपकरण दुसऱ्या पॉइंटवर लावून पाहावे. दोष पॉइंटचा नसून उपकरणाच्या पिनेत किंवा दोरीत असण्याचे प्रमाण मोठे आहे. पिनेजवळ सतत वाकून दोरीतील तार आतल्या आत तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

उपकरण चांगले असल्यास बटण सुरू करून सॉकेटच्या उजव्या छिद्रात टेस्टर लावावा. तो लागला नाही तर फेज तेथपर्यंत पोहोचत नाही. शेजारची बटणे सुरू असतील तर त्या सॉकेटचे बटण झिजलेले किंवा त्याचा स्क्रू सैल झालेला असतो. संपूर्ण बोर्डच बंद असेल तर लूपिंगची वायर सुटलेली असते किंवा त्या विभागाचा एमसीबी पडलेला असतो.

टेस्टर उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही छिद्रांत लागला तर अनेकांचा गोंधळ उडतो. दोन फेज आले, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात हे न्यूट्रल तुटल्याचे लक्षण असते. त्याच वायरवरील एखादा दिवा किंवा पंखा सुरू असतो. त्याच्यातून आलेला फेज परतीची वाट न मिळाल्याने न्यूट्रलच्या वायरवर येऊन थांबतो. सर्व बटणे बंद करताच डाव्या छिद्रातील टेस्टर विझला तर हे निदान पक्के होते. उलटपक्षी, काहीच सुरू नसेल तर न्यूट्रल तुटलेला असूनही टेस्टर केवळ उजव्या छिद्रात लागतो आणि सर्व काही ठीक असल्याचा भास होतो. टेस्ट लॅम्पची गरज भासते ती येथे.

प्लग घालताना ठिणगी उडणे, पिन सैल बसणे, सॉकेटभोवती प्लास्टिक पिवळे-तपकिरी होणे, ही सॉकेटमधील पितळी पट्ट्यांची पकड गेल्याची चिन्हे आहेत. असा सॉकेट दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलावा. पूर्वी ५ व १५ अँपिअरचे म्हणून ओळखले जाणारे सॉकेट आता ६ व १६ अँपिअरचे येतात. गिझर, एसी, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांसाठी १६ अँपिअरचाच पॉइंट हवा. मोठ्या पिनेला कन्व्हर्टर लावून ती छोट्या सॉकेटवर चालवणे म्हणजे अरुंद बोळातून ट्रक नेण्यासारखे आहे. पिन न लावता उघड्या वायर सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्या खोचण्याची सवय तर तत्काळ सोडावयास हवी.

दिव्यांच्या तक्रारी

दिवा लागत नसेल तर आधी बल्ब बदलून पाहावा. नव्या बल्बनेही काम झाले नाही, तर होल्डरमधील दोन स्प्रिंगच्या पिना पाहाव्यात. उष्णतेने स्प्रिंग ढिली झाली की पिना आत रुतून बसतात आणि बल्बशी संपर्क होत नाही. अशा वेळी होल्डर बदलणे स्वस्त आणि सुरक्षित असते. ट्यूबलाइटचे चोक व स्टार्टर अजूनही काही घरांत आहेत. ट्यूब दोन्ही टोकांना लाल होऊन थांबत असेल तर स्टार्टर, आणि टोके काळी पडली असतील तर ट्यूबच दोषी समजावी. एलईडी दिव्यांत मात्र बहुधा आतील ड्रायव्हर जळतो.

दिवा लुकलुकत असेल तर तो एकटाच लुकलुकतो की खोलीतील सारे दिवे, हे पाहावे. एकट्याचा दोष होल्डरमध्ये, बटणात किंवा दिव्यातच असतो. खोलीतील सारे दिवे एकाच वेळी मंद-प्रखर होत असतील तर जोड सैल आहे. फ्रिज किंवा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंदावणे एक वेळ समजण्याजोगे आहे. मात्र ते मंदच राहत असतील तर वायर अपुऱ्या जाडीची आहे किंवा डीबीपर्यंतचा जोड तापत आहे.

एलईडी दिवे सर्रास झाल्यापासून एक नवी तक्रार ऐकू येते. बटण बंद केले तरी दिवा रात्रभर मिणमिणत राहतो. बटणावर छोटा सूचक दिवा असेल तर त्यातून झिरपणारा प्रवाह याला कारणीभूत असतो आणि त्यात फारसा धोका नाही. परंतु बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवले असल्यासही हेच घडते आणि ती बाब गंभीर आहे. अशा जोडणीत बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत असतो. बटण बंद केल्याच्या भरवशावर बल्ब बदलणाऱ्याला जबर झटका बसू शकतो. बटण बंद करून होल्डरच्या पिनांना टेस्टर लावल्यास तो लागता कामा नये. लागल्यास बटणाची जोडणी बदलून घ्यावी.

जिन्यातील दिवा वर आणि खाली अशा दोन बटणांनी चालतो. तो केवळ एका विशिष्ट स्थितीतच लागत असेल तर दोन बटणांना जोडणाऱ्या दोन वायरपैकी एक तुटलेली असते किंवा एखाद्या बटणाची एक बाजू झिजलेली असते.

एमसीबी पडतो, त्याचा अर्थ

एमसीबी पडणे हा दोष नव्हे, ती दोषाची सूचना आहे. तो कसा पडतो याकडे लक्ष दिल्यास कारण समजते. वर करताच खट्‌कन पडत असेल तर कुठेतरी फेज आणि न्यूट्रल थेट भिडले आहेत. घरांत सामान्यतः वापरला जाणारा सी प्रकारचा एमसीबी त्याच्या क्षमतेच्या पाच ते दहा पट प्रवाहाला आतील चुंबकीय यंत्रणेमुळे क्षणात तुटतो. काही वेळ चालून मग पडत असेल तर भार जास्त झालेला असतो. आतील द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते व संपर्क तोडते.

१६ अँपिअरच्या एमसीबीवर २३० व्होल्टच्या हिशेबाने सुमारे ३,६८० वॅट भार चालू शकतो. स्वयंपाकघरात २,००० वॅटची इंडक्शन शेगडी, १,५०० वॅटची किटली, १,२०० वॅटचा मायक्रोवेव्ह आणि ८०० वॅटचा टोस्टर एकाच वेळी लावले तर बेरीज ५,५०० वॅट होते, म्हणजेच प्रवाह जवळपास २४ अँपिअर होतो. क्षमतेच्या दीडपट झालेला हा भार सोसून एमसीबी काही वेळाने पडणारच.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. त्या विभागातील सर्व बटणे बंद करावीत व सर्व प्लग काढावेत. एमसीबीची दांडी पूर्ण खाली करून मग वर करावी. तरीही तो लगेच पडला तर दोष भिंतीतील वायरिंगमध्ये आहे. तो पुन:पुन्हा वर करून पाहू नये आणि वायरमनला बोलवावे. टिकून राहिला तर एकेक बटण, एकेक उपकरण सुरू करत जावे. ज्याच्याबरोबर तो पडेल ते दोषी.

येथे एक चूक हमखास केली जाते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवला जातो किंवा फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळली जाते. एमसीबी उपकरणाचे नव्हे तर भिंतीतील वायरचे रक्षण करतो. दिव्यांसाठी १.५, प्लग पॉइंटसाठी २.५ आणि एसी-गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरण्याचा प्रघात आहे. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा केला की तो पडावयाचा थांबतो आणि वायर तापावयास लागते.

आरसीसीबीचे कोडे

एमसीबी असला की शॉकपासून संरक्षण मिळते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. ओल्या अवस्थेत मानवी शरीराचा रोध साधारण एक हजार ओहमपर्यंत उतरला तर २३० व्होल्टला त्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडवण्यास तो पुरेसा आहे, पण १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. हे काम आरसीसीबीचे. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो तुलना करतो. त्यात ३० मिलिअँपिअरची तफावत आढळली तर सेकंदाच्या छोट्याशा अंशात पुरवठा तोडतो. मात्र एखाद्याने एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायर पकडल्या तर त्याला तफावत दिसत नाही, आणि जादा भारापासून तो संरक्षण देत नाही. म्हणून घरात एमसीबी व आरसीसीबी दोन्ही हवेत.

आरसीसीबी पडत असल्यास सर्व एमसीबी बंद करून तो वर करावा व मग एकेक एमसीबी सुरू करावा. दोषी विभाग सापडल्यावर त्यातील उपकरणे एकामागून एक काढून पाहावीत. गिझरची कॉइल, जुना फ्रिज, वॉशिंग मशिन आणि गच्चीतील वा बाल्कनीतील पाणी शिरलेला पॉइंट हे नेहमीचे संशयित. सर्व एमसीबी बंद असतानाही आरसीसीबी पडत असेल तर बहुधा कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकलेले असतात. साधा एमसीबी केवळ फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, हे त्यामागील कारण. नवा इन्व्हर्टर बसवल्यावर ही तक्रार सुरू झाली तर दोन विभागांचे न्यूट्रल एकत्र झाले आहेत का, हे तपासून घ्यावे.

आरसीसीबीवर टी अक्षराचे छोटे बटण असते. ते दाबताच आरसीसीबी पडावयास हवा. ही चाचणी दर महिन्या-दोन महिन्यांनी करावी. तो पडला नाही तर त्याचे असणे आणि नसणे सारखेच.

सैल जोडाची धग

सर्वाधिक घातक दोष मात्र असा आहे की तो एमसीबीलाही कळत नाही आणि आरसीसीबीलाही. स्क्रूखाली नीट न आवळलेली वायर, पिळून टेप गुंडाळलेला जोड, सॉकेटमधील ढिली पट्टी अशा ठिकाणी रोध वाढतो व उष्णता निर्माण होते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हे तिचे शालेय सूत्र. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या मार्गातील एखाद्या जोडाचा रोध अवघा अर्धा ओहम झाला तरी तेथे जवळपास ३८ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीतील साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नपेक्षाही ही धग जास्त आहे आणि ती नखाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या बोर्डाआड कोंडलेली असते. प्रवाह वाढलेला नसल्याने एमसीबी शांत राहतो, गळती नसल्याने आरसीसीबीही शांत राहतो. प्लास्टिक मऊ होते, काळे पडते आणि अखेरीस पेट घेते.

अशा जोडाची चाहूल घरातील माणसांनाच लागू शकते. बोर्डातून येणारा बारीक तडतड आवाज, जळक्या प्लास्टिकचा किंवा मासळीसारखा उग्र वास, हाताला गरम लागणारे बटण किंवा पिन यांपैकी काहीही जाणवल्यास त्या विभागाचा एमसीबी त्याच क्षणी बंद करावा. दुरुस्ती करताना वायरचा काळा पडलेला भाग पूर्णपणे कापून टाकावा, ताजे तांबे दिसेपर्यंत आवरण सोलावे आणि सर्व तारा एकत्र पिळून स्क्रूखाली घट्ट आवळाव्यात. आवरण स्क्रूखाली येऊ देऊ नये आणि शेवटी वायर ओढून पाहावी. पाइपच्या आत जोड कधीही ठेवू नये. जोड द्यावयाचाच असेल तर तो जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टर वापरून द्यावा.

भिंतीला करंट का येतो

पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला हात लावताच झटका बसतो, याचा अर्थ आतील वायरचे आवरण फाटले आहे आणि पाइपमध्ये पाणी उतरले आहे. तसबिरीसाठी ठोकलेला खिळा, ड्रिलचे छिद्र किंवा फॉल्स सीलिंगमध्ये शिरलेले उंदीर ही आवरण फाटण्याची नित्याची कारणे. कन्सिल्ड वायरिंगच्या वायर सामान्यतः बोर्डापासून सरळ वर किंवा खाली जातात. म्हणून बोर्डाच्या नेमक्या वर-खाली खिळा ठोकू नये. हा दोष भिंत वाळल्यावर दिसेनासा होतो आणि पुढच्या पावसात परततो. त्यामुळे ऊन पडले म्हणून दुरुस्ती टाळू नये. वायरमनकडून मेगरने तपासणी करून घ्यावी. ५०० व्होल्ट दाबाने मोजलेला वायरच्या आवरणाचा रोध किमान एक मेगाओहम असावयास हवा.

फ्रिज, वॉशिंग मशिन किंवा संगणकाच्या धातूच्या भागाला चिमटा काढल्यासारखे जाणवत असेल तर अर्थिंग तपासावे. काही ठिकाणी अर्थिंगची वायर पाण्याच्या नळाला बांधलेली असते. लोखंडी पाइपांच्या जागी प्लास्टिकचे पाइप आल्यावर असे अर्थिंग निरुपयोगी होते, आणि तसे नसतानाही नळ सोडणाऱ्या शेजाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एका तुकड्याने जोडून देण्याची पळवाट तर याहून वाईट. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर उपकरणाच्या संपूर्ण सांगाड्यात फेज उतरतो.

जुन्या इमारतींचे दुखणे

मुंबईतील चाळी, पुण्यातील वाडे आणि राज्यभरातील जुन्या सोसायट्यांमधील वायरिंग दोन-चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ या हिशेबाने झालेले आहे. लाकडी पट्टीवरील रबरी आवरणाच्या वायर आता हाताने वाकवताच आवरण गळून पडते. तांब्याच्या टंचाईच्या काळात बांधलेल्या अनेक इमारतींत ॲल्युमिनियमच्या वायर आहेत. ॲल्युमिनियमवर रोधक थर चढतो, स्क्रूखाली ते हळूहळू दबत जाते आणि तांब्याशी थेट पिळलेला त्याचा जोड काही काळाने हमखास सैल होतो. अशा घरात एसी किंवा इंडक्शन शेगडी आणताना केवळ नवा पॉइंट काढून भागत नाही. डीबीपासून स्वतंत्र वायर ओढावी, वितरण कंपनीकडून मंजूर भार वाढवून घ्यावा आणि जिन्याखालच्या मीटर केबिनमधील जोडही तपासून घ्यावेत. या केबिनमध्ये सायकली, रद्दी आणि रंगाचे डबे ठेवण्याची प्रथा सोसायट्यांनी बंद करावयास हवी. आग लागल्यास बाहेर पडण्याची एकमेव वाट तोच जिना असतो.

इमारतीच्या थ्री फेज पुरवठ्यातील मुख्य न्यूट्रल तुटणे हाही जुन्या जोडण्यांतील दोष. काही घरांत दिवे एकाएकी डोळे दिपवण्याइतके प्रखर होतात, तर काही घरांत ते मंदावतात. दोन फेजमधील दाब ४०० व्होल्टच्या आसपास असल्याने काही घरांत २३० हून कितीतरी अधिक दाब पोहोचतो आणि टीव्ही, फ्रिज जळतात. असे दिसताच कारण शोधत न बसता मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सांगावे आणि वितरण कंपनीला कळवावे.

स्वतः कुठवर करावे

दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे यांची, जोडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारी अदलाबदल ग्राहकाला करता येते. त्यापलीकडील काम, म्हणजे नवा पॉइंट, वायर बदलणे वा वायरिंगची दुरुस्ती, ही राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदाराकडूनच आणि पात्रता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावीत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम सांगतात. तारतंत्री म्हणून परवाना असलेली व्यक्ती कामाला येते आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. वायर, बटणे व सॉकेट घेताना आयएसआय चिन्ह पाहावे आणि दुकानदाराकडून पावती घ्यावी.

सणासुदीची तात्पुरती जोडणी हा अपवाद समजला जातो, पण नियम तिलाही लागू आहेत. गणपतीच्या मखराची रोषणाई किंवा दिवाळीचा आकाशकंदील यांसाठी खिडकीच्या फटीतून दाबून काढलेली पातळ वायर, उघडा जोड आणि एकाच मल्टिप्लगवर लटकलेल्या पाच-सहा माळा टाळाव्यात. माळेची वायर सोललेली असल्यास ती फेकून द्यावी.

अपघात घडलाच तर

शॉक लागलेल्या व्यक्तीला थेट हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर दूर सारावी. व्यक्ती बेशुद्ध असून श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. माणूस सावरलेला दिसला तरी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. हृदयावरील परिणाम काही तासांनीही जाणवू शकतो.

बोर्डाने पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकू नये. मेन बंद करून कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचे अग्निशामक वापरावे आणि आग आवाक्यात नसेल तर घर रिकामे करून १०१ क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. विजेमुळे मृत्यू वा इजा झाल्यास विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६१ नुसार त्याची सूचना विद्युत निरीक्षकांना देणे बंधनकारक आहे.

चौकट : लक्षण आणि संभाव्य कारण

* एकच बटण बंद : बटण झिजले किंवा स्क्रू सैल.
* संपूर्ण बोर्ड बंद : लूपिंगची वायर सुटली किंवा एमसीबी पडला.
* दोन्ही छिद्रांत टेस्टर लागतो : न्यूट्रल तुटला.
* एमसीबी तत्क्षणी पडतो : शॉर्टसर्किट.
* एमसीबी काही वेळाने पडतो : जादा भार.
* आरसीसीबी पावसात पडतो : ओल, गळती.
* सर्व एमसीबी बंद, तरी आरसीसीबी पडतो : न्यूट्रल-अर्थिंग टेकले.
* तडतड, वास, गरम बोर्ड : सैल जोड, एमसीबी तत्काळ बंद करावा.
* दिवे एकाएकी अतिप्रखर : मुख्य न्यूट्रल तुटला, मेन तत्काळ बंद करावा.